नावासाठी राखलेली जागा

आमच्या घरी आजीची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाच्या वहीसारखी. पहिल्या काही पानांवर खरोखरच वाण्याचा हिशेब आहे. त्यापुढे तिने मंगलाष्टके, पाळणे, डोहाळे, घाण्याच्या ओव्या आणि शेवटी आरत्या उतरवून ठेवल्या आहेत. पाळण्याच्या एका कडव्यात बाळाचे नाव यायचे तिथे चार टिंबे आहेत आणि त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलेली नावे आहेत : थोरल्या काकांचे, आत्याचे, मग आमच्या पिढीतल्या आम्हा सगळ्यांचे. शेवटचे नाव माझ्या भाचीचे, पण ते आजीच्या अक्षरात नाही, माझ्या आईच्या अक्षरात आहे. वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरी टिंबे तशीच राहिली.

या संग्रहाचे काम सुरू केले तेव्हा घराघरांतून अशा वह्या पाहायला मिळाल्या. कुठे शाळेच्या दुरेघी वहीत, कुठे जुन्या रोजनिशीत, तर कुठे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. बहुतेकींत तीच खूण होती : टिंबे, फुली किंवा नुसते ‘अमुक’. त्यातून मला जे कळले ते या पुस्तकाचे सूत्र आहे. आपल्या घरच्या मंगल कार्यातले प्रत्येक गाणे कुणाच्या तरी नावासाठी जागा राखून ठेवते. मंगलाष्टकात वधूवरांचे नाव येते, ओवीत भावाचे आणि माहेरच्या गावाचे, पाळण्यात बाळाचे, गोंधळात कुलदैवताचे, उखाण्यात जोडीदाराचे. आरतीच्या अखेरच्या कडव्यात तर ती रचणारा संत स्वतःचे नाव ठेवून देवापुढे उभा राहतो. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी कार्य मांडले आहे त्या माणसाला देवाच्या आणि गोताच्या समोर नावाने उभे करणे, हे या गाण्यांचे काम आहे. म्हणून ती कार्याची सजावट नाहीत, कार्याचा भाग आहेत.

ही परंपरा किती जुनी आहे याचे दोन भक्कम पुरावे आपल्या हाती आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे राजदरबारातल्या ग्रंथकाराला दखल घ्यावीशी वाटावी इतकी ही ओवी रुळलेली होती. दुसरा पुरावा महदंबेचे धवळे. ऋद्धपूरला गोविंदप्रभूंना लग्न करण्याची इच्छा झाली, भक्तांनी सोहळा मांडला, आणि त्या प्रसंगी महदंबेने रुक्मिणीस्वयंवराची कथा धवळ्यांत गुंफून गायली, असे महानुभाव परंपरा सांगते. धवळा म्हणजे लग्नात म्हणायचे गीत. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो, तिची कीर्ती मांडवातल्या गाण्यावर उभी आहे. मराठी कवितेचा इतिहास शिकवताना ही गोष्ट ठळकपणे सांगितली जायला हवी.

धवळा हा शब्द अजून जिवंत आहे. रायगड आणि ठाणे भागातल्या आगरी समाजात लग्नाचे विधी गाण्याने चालवणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. वारली समाजात लग्न लावणारी स्त्री ती धवलेरी. सुवासिनींनी भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची आणि धवलेरीने गाण्यातून देवांना बोलवायचे, मगच लग्न लागते. तेराव्या शतकातली ऋद्धपूरची महदंबा आणि आजची उरण-पेणकडची धवलारीण यांच्यामध्ये सातशे वर्षांचे अंतर आहे, तरी दोघींच्या तोंडी लग्नाच्या गाण्याचा शब्द एकच आहे. मंत्र भटजींनी म्हणायचे आणि बायकांनी त्यांच्या मागे बसून गाणी म्हणायची, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. धवलारणीकडे पाहिले की कळते, गाणे स्वतःच विधी होऊ शकते आणि गाणारी बाई स्वतः पुरोहित.

पुस्तकाची मांडणी कार्यांच्या क्रमाने केली आहे. पहिला भाग लग्नाचा, कारण सर्वांत मोठे भांडार तिथे आहे. लग्नाची गाणी अक्षता पडण्याच्या किती तरी आधी सुरू होतात. घाणा भरायला बसले की दोन मुसळे एकत्र बांधून त्यांना आंब्याची पाने लावायची, जात्याला हळदकुंकू वाहायचे, आणि पहिली ओवी गणपतीला, दुसरी कुलदैवताला द्यायची. मग घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे, माहेरच्या नात्यांची नावे, शेवटी नवरदेव किंवा नवरीचे नाव. हळद दळता दळता सगळ्या गोताची हजेरी होते. दूर असलेल्यांना, नांदायला गेलेल्यांना, हयात नसलेल्यांनाही ओवीत बोलावणे असते. त्यानंतर हळदीची, तेलफळाची, रुखवताची गाणी येतात. वराकडच्या पंगतीत म्हणायची ‘विहीण’ मला या सगळ्यांत सर्वांत भारी वाटते. पाने वाढलेली असतात, वरमाई पाटावर बसलेली असते, आणि मुलीकडच्या बायका तिच्यापुढे उभ्या राहून गातात : आम्ही हिला लाडाने वाढवले, हिला काय येते काय येत नाही ते सांभाळून घ्या. जे बोलायला जीभ रेटत नाही ते गाण्यातून सांगता येते. पंगतीतल्या अनेकींना त्या वेळी स्वतःची पाठवणी आठवते आणि हातातला घास हातातच राहतो.

मंगलाष्टकांचा विचार थोडा सविस्तर केला आहे, कारण ती नव्याने रचणारे आजही घरोघरी आहेत. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात असते. एका चरणात एकोणीस अक्षरे, म, स, ज, स, त, त हे सहा गण, शेवटी एक गुरू, आणि बाराव्या अक्षरावर यती. वधूवरांच्या नावांनी याच सापळ्यात बसायला हवे, आणि प्रत्येक नावाची जागा वेगळी. ‘वैशाली’ हे नाव तीन गुरूंचे, ते चरणाच्या आरंभीच शोभते. ‘माधव’ गुरू-लघू-लघू, ते तिसऱ्या किंवा आठव्या अक्षरापासून बसते. ‘सुनीता’ लघू-गुरू-गुरू, तिला यतीनंतर, पंधराव्या अक्षरापासून जागा मिळते. गावातले मास्तर किंवा मुलीचे मामा रात्र रात्र बसून हे जमवत आणि छापील कागदावर ती मंगलाष्टके मांडवात वाटली जात. अशा कागदांच्या घड्या कपाटात जपून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. कवितेच्या पुस्तकाला कधी हात न लावलेल्या माणसांनीही एकदा तरी वृत्तात लिहिले, ते या निमित्ताने. नवे मंगलाष्टक रचणाऱ्यांसाठी वृत्ताचे कोष्टक पहिल्या भागाच्या शेवटी दिले आहे.

मंगलाष्टकांना व्यवहाराचीही एक बाजू होती. घड्याळे नव्हती तेव्हा मुहूर्त घटिकापात्राने मोजत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. वाटी बुडेपर्यंत अंतरपाट धरून, हातात अक्षता घेऊन सगळे उभे. तो काळ रिकामा जाऊ नये म्हणून एकामागून एक मंगलाष्टके म्हणायची. मुंजीतही बटू आणि वडील यांच्यामध्ये अंतरपाट धरून असेच गातात. वाट पाहण्याच्या घटकेला अर्थ देणे, हे आपल्या पूर्वजांनी गाण्याकडे सोपवले होते.

दुसरा भाग बाळाचा. डोहाळजेवणात फुलांची वाडी भरून गर्भवतीला झोपाळ्यावर किंवा धनुष्यबाणाच्या मखरात बसवतात आणि पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंत तिला काय खावेसे, काय ल्यावेसे वाटते ते गातात. ते गाणे कौसल्येचे असते, देवकीचे असते, जिजाऊंचेही असते. समोर बसलेली मुलगी त्या ओळीत जाऊन बसते. बारशाला बाळ पाळण्याच्या वरून आणि खालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देताना कृष्णाची नावे घेतात, आत्या बाळाच्या कानात त्याचे नाव सांगते, बायका तिच्या पाठीत लाडाचे बुक्के मारतात, घुगऱ्या वाटल्या जातात आणि पाळणा सुरू होतो. आजीची चार टिंबे इथली. नाव आखूड असले की तिला ‘बाळ’ किंवा ‘राजा’ जोडून चाल भरून काढावी लागे, आणि लांबलचक असले की दोन अक्षरे एका मात्रेत घ्यावी लागत. आयुष्यात आपले नाव गाण्यात ऐकण्याचा हा पहिला प्रसंग. बाळाला तो आठवत नाही, म्हणून आईने तो जन्मभर सांगायचा असतो.

मंगळागौर, हरतालिका आणि भोंडला यांची गाणी इतरत्र भरपूर छापलेली आहेत. इथे मोजकीच घेतली आहेत. गोंधळ-जागरणाला मात्र स्वतंत्र प्रकरण दिले आहे. लग्नानंतर घरी गोंधळ घालायचा, तो अजून पुष्कळ कुळांचा कुळाचार आहे. गोंधळी संबळ-तुणतुण्यावर तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई अशा एकेका देवीला तिच्या गावासकट हाक मारतो. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी-घाटीच्या तालावर जेजुरीच्या मल्हारीला बोलावतात. ही हाक म्हणजे महाराष्ट्राचा नकाशाच आहे. घर कुठेही असो, त्या रात्री सारी क्षेत्रे अंगणात येतात आणि नव्या जोडप्याचे नाव त्यांच्या कानावर घातले जाते.

शेवटचा भाग आरत्यांचा. गणपतीच्या आरतीत समर्थ रामदास स्वतःला रामाचा दास म्हणवतात, दत्ताच्या आरतीत एकनाथ आपल्या नावाशी गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडतात. आरती पाठ असते, पण अर्थाकडे लक्ष नसले की शब्द घसरतात. ‘फणिवर’ म्हणजे नागराज. त्याला कमरेला बांधणारा असा गणपती रामदासांनी पाहिला. आपण ‘फळीवर’ म्हणतो आणि ते चित्र पुसून टाकतो. ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ म्हटले की संकटात धावून येण्याची विनवणी एका तिथीपुरती होऊन बसते. म्हणून प्रत्येक आरतीखाली कठीण शब्दांचे अर्थ दिले आहेत. मुलांना आरती शिकवताना आधी अर्थ सांगा, मग चाल, अशी माझी विनंती आहे. गोव्यात चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कांसाळ्याच्या साथीने तासन्‌तास आरत्या रंगतात. त्यांतल्या पुष्कळ मराठी आहेत. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला वारसावाद्याचा दर्जा दिला. त्या परंपरेतल्या निवडक आरत्याही इथे आहेत.

परंपरा म्हणजे जुनेच, असे या संग्रहात मानलेले नाही. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण प्रसारित झाले. त्या छप्पन्न गीतांतले रामजन्माचे गीत आज रामनवमीच्या दुपारी अनेक घरांत पाळण्याबरोबर म्हटले जाते. पी. सावळाराम यांनी लिहिलेले, वसंत प्रभूंनी चाल दिलेले आणि लता मंगेशकरांनी गायलेले सासरी निघालेल्या लेकीचे गाणे पाठवणीच्या वेळी किती मांडवांत ऐकू आले असेल! ते लिहिले गेले तेव्हा नवे होते. बायकांनी ते आपले मानले आणि ते परंपरेचे झाले. गाणे मंगल ठरते ते ते म्हणणाऱ्यांमुळे.

या वाटेवर माझ्या आधी चाललेल्यांचे ऋण मोठे आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा करून त्यांच्यावर आईच्या मायेने लिहिले. कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते’ हे नावच असे दिले की या गीतांचे स्थान ठरून गेले. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून संग्रहांमागून संग्रह काढले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि प्रत्येक ओवीशेजारी गाणारीचे नाव व गाव नोंदवले. ते पाहून मीही ठरवले की या पुस्तकात ज्या बाईकडून गाणे मिळाले तिला ‘एक वृद्ध स्त्री’ म्हणायचे नाही. ज्यांनी परवानगी दिली त्यांची नावे त्यांच्या गाण्याखाली आहेत. गाण्यात सगळ्यांची नावे घेणारीचे स्वतःचे नाव आजवर बहुतेक वेळा हरवलेलेच असे.

याच ओघात एक सल सांगायला हवी. आजीला सर्वांत जास्त गाणी येत होती. आजोबा गेल्यानंतर मात्र घाण्याच्या मुसळाला हात लावायचा, हळदीच्या गाण्यात बसायचा तिला अधिकार उरला नाही. बाहेर कडवे अडले की कुणी तरी माजघरात धावत येई, आजी हळूच पुढची ओळ सांगे आणि ती बाहेर जाऊन म्हटली जाई. कार्य तिच्या स्मरणावर चाले आणि ती दाराआड बसे. हा अन्याय होता. तो परंपरेच्या नावाखाली आम्ही सगळ्यांनी चालू ठेवला. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला आजीची ती जागा आठवली. जिला गाणे येते तिने पुढे बसावे, मग ती सुवासिनी असो, विधवा असो, अविवाहित असो. या पुस्तकातल्या एकाही गाण्यावर ‘फक्त सुवासिनींनी म्हणावे’ अशी सूचना सापडणार नाही. ती मी जाणून काढली आहे.

हा संग्रह करण्याचे तातडीचे कारणही सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या एका मुलीच्या लग्नात मंगलाष्टके ध्वनिमुद्रित लावली होती. आवाज गोड होता, वाद्यमेळ सुरेख होता. ती संपली आणि मुहूर्ताला अजून चार मिनिटे होती. अंतरपाट धरलेला, दोनशे माणसे मुठीत अक्षता घेऊन उभी, आणि एकालाही एक मंगलाष्टक येईना. मलाही नाही. आजीची वही कपाटात होती. ती चार मिनिटे मी विसरू शकलेले नाही. गुरुजींनी शेवटी मंत्र म्हणून वेळ सावरून घेतली, पण त्या मुलीच्या लग्नात तिचे नाव एकाही गाण्यात आले नाही. ध्वनिमुद्रण हजार लग्नांत वाजू शकते आणि म्हणूनच त्यात कुणा एकीचे नाव असू शकत नाही. पुढच्याच आठवड्यात मी वही काढली आणि उतरवायला बसले.

संपादनाविषयी थोडे. एकाच गाण्याचे दोन-तीन पाठ मिळाले तिथे अमुक खरा आणि तमुक खोटा असे ठरवलेले नाही. कोकणातला पाठ, देशावरचा पाठ, विदर्भातला पाठ असे शेजारी शेजारी दिले आहेत. बोलीतले शब्द ‘शुद्ध’ केलेले नाहीत. संतांच्या रचनांत मात्र अर्थ बिघडवणारे उच्चार दुरुस्त केले आहेत. चाली छापता येत नाहीत. त्या मोठ्यांच्या शेजारी बसूनच उचलाव्या लागतील, आणि ते शेजारी बसणे मला या पुस्तकाइतकेच महत्त्वाचे वाटते. घरात कुणी सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजी, मावशी, काकू असतील तर हे पुस्तक आधी त्यांच्याकडे न्या. त्या म्हणतील, आमच्याकडे असे नाही, असे म्हणतात. ते लिहून घ्या. प्रत्येक भागानंतर त्यासाठी कोरी पाने ठेवली आहेत.

वाचकहो, नाव यायचे तिथे आम्ही सगळीकडे चार टिंबे छापली आहेत आणि शेजारचा समास मुद्दाम रुंद ठेवला आहे. पुस्तक शोभेला ठेवू नका. ते हळदीच्या हातांनी हाताळा, पाने पिवळी होऊ द्या. घरात बारसे, मुंज, लग्न ठरले की एक पेन्सिल घ्या, टिंबांच्या जागी त्या माणसाचे नाव म्हणा आणि समासात ते लिहून ठेवा.